खाडाखोड

खुरकूत गावात शिरली ती खालच्या आळीतून. आधी एका गाईच्या तोंडाला लाळ सुटली, मग शेजारच्या दावणीची दोन जनावरं लंगडायला लागली, आणि आठवडा उलटायच्या आत डेअरीच्या माणसानं फाटकावर पाटी लावली की खालच्या आळीचं दूध तूर्त घेतलं जाणार नाही. आबाचा गोठा वरच्या आळीत, शेवटचा. सात गाई आणि एक कालवड. त्यानं दारात चुन्याची जाड रेघ ओढली, तिच्यावर फिनेल ओतलं, येणाऱ्याजाणाऱ्याला पाय धुवायला लावले. तरी पहाटे गोठ्यात शिरताना बॅटरीचा झोत तो आधी जमिनीवर मारायचा, मग खुरांवर, आणि अगदी शेवटी तोंडांवर.

नवव्या दिवशी मोरी गाईच्या ओठांवरून सुतळीसारखी लाळ लोंबत होती.

"धाकटे," त्यानं हाक मारली.

त्याची धाकटी मुलगी आधीच मागे येऊन उभी होती. अठरावं सरत आलेलं, अंगानं काटकुळी, पण जनावराजवळ गेली की तिच्या हालचालीत घाई म्हणून नसायची. तिनं मोरीच्या जबड्यात कडेनं अंगठा घातला, जीभ बाजूला ओढली आणि बॅटरी जवळ मागितली.

"तीन फोड फुटलेत. एक फुटायचाय," ती म्हणाली. "हिला पलीकडच्या छपरात न्या. आणि आबा, हात धुऊन कपडे बदलल्याशिवाय दुसऱ्या गाईला शिवू नका."

आबानं मान हलवली. पोरगी मोरीच्या कानामागे खाजवत तिच्याशी काहीबाही बोलत होती.

गुरांचा डॉक्टर दुपार कलल्यावर आला. चाळीस गावांना तो एकटाच, त्यामुळे कुठल्याही गोठ्यात तो पोचायचा तो उशिराच, आणि आल्या आल्या त्याची माफी मागायचा. पुढच्या वर्षी तो निवृत्त व्हायचा होता. गुडघे दुखायचे म्हणून खाली बसायची कामं तो धाकटीकडून करून घ्यायचा. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी ती त्याच्या मागोमाग गोठ्यागोठ्यांतून हिंडत होती.

"फॉर्म भरलास का गं?" सुई भरता भरता त्यानं विचारलं.

"भरलाय. द्यायचा राहिलाय. परवा शेवटची तारीख."

"कुठली भरलीस?"

"विषयाची."

डॉक्टरनं आबाकडे पाहिलं. आबानं नजर मोरीच्या पायांवर ठेवली.

गुरांच्या कॉलेजात शिरायला दोन वाटा होत्या. एक सगळ्यांची परीक्षा, तिला लोक जनरल म्हणत. भाषा, गणित, तर्काची कोडी, हातभर लांबीचे उतारे, आणि सगळं घड्याळाशी शर्यत लावून. तिचे मार्क कुठल्याही कॉलेजात चालायचे. दुसरी विषयाची, कॉलेजागणिक वेगळी. गुरांच्या कॉलेजासाठी नुसतं जीवशास्त्र, पण मुळापर्यंत. तिचे मार्क गुरांच्या कॉलेजाबाहेर कोणी विचारत नसे. आणि एका वर्षी दोन्हींपैकी एकीलाच बसता यायचं.

"हेडमास्तर जनरलच भर म्हणतात," आबा म्हणाला. "एक दार नाही उघडलं तर दुसरं."

"हेडमास्तरांचं चूक नाही," डॉक्टर म्हणाला. "विषयाच्या यादीत जागा कमी. पडली तर पडली, हातात काही राहत नाही. मी स्वतः जनरलमधनं आलो. उतारे भराभर वाचायचो. पण गाईचं पोट कुठल्या बाजूला फुगतं हे मला नोकरीत शिरल्यावर कळलं, तेही एक गाय मेल्यावर."

"मी सावकाश वाचते," धाकटी म्हणाली. ती मोरीचं डोकं छातीशी धरून उभी होती. "पण वाचलेलं विसरत नाही. जनरलला सावकाश चालत नाही."

तेवढ्यावर बोलणं थांबलं. जाताना डॉक्टरनं सांगितलं की मोरीच्या तोंडाला दर दोन तासांनी औषध लागेल आणि उद्यापरवा खालच्या आळीत त्याला पोरीची मदत हवी. तेव्हा फॉर्म द्यायला आबानं जायचं ठरलं.

आबाच्या मनात थोरली होती. ती त्याची मोठी मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिनं गणिताची विषय-परीक्षा दिली होती आणि चार मार्कांनी हुकली. ते मार्क घेऊन आबा पाच कॉलेजांच्या दारांत उभा राहिला. पाचही ठिकाणी कागद उलटा करून परत मिळाला: जनरल दिली असती तर काही करता आलं असतं. आता थोरली शहरात पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात होती. सुट्टीला घरी आली की तिच्या बोटांना चिकटपट्ट्या असायच्या, पुठ्ठ्याच्या कडांनी कापलेल्या. तेव्हाचा फॉर्म आबानंच सही करून दिला होता. हेडमास्तरांनी तेव्हा विषयाचीच भरा म्हणून छातीठोक सांगितलं होतं, आणि दुधानं तोंड भाजल्यापासून ते आता ताकही फुंकून पीत होते.

परीक्षेच्या कचेरीत आबा पोचला तेव्हा रांग पायऱ्यांपर्यंत आली होती. त्यानं आंघोळ केली होती, धुतलेले कपडे घातले होते, गोठ्यात न जाणाऱ्या चपला घातल्या होत्या, तरी हातांचा फिनेलचा वास गेला नव्हता. पुढे एक शिंपी होता, मुलाचा फॉर्म घेऊन. गळ्यातला टेप काढायला तो विसरला होता.

"कुठली भरलीत?" शिंप्यानं विचारलं.

"विषयाची. पोरीनं भरलीय."

शिंप्यानं भुवया वर केल्या. "धाडसी आहे पोरगी. मी तर म्हटलं, बाबा रे, एकाच खुंटीवर सगळं घर टांगू नकोस. खुंटी निघाली की भिंतही जाते."

त्यानं ते सहज म्हटलं आणि तो पुढे सरकला. खिडकीपर्यंत पोचायला आबाला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ त्याला थोरलीची बोटं दिसत राहिली.

खिडकीतल्या कारकून बाईंनी फॉर्म उलटसुलट पाहिला. दोन चौकटी होत्या, आणि खालच्या चौकटीत धाकटीनं निळ्या शाईनं बारीक, नेटकी खूण केली होती.

"विषयाची. बरोबर ना? एकदा घेतला की बदल नाही."

आबाची नजर त्या निळ्या खुणेवर होती.

"बरोबर ना?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"बदलायचं असलं तर?"

"आत्ता बदला. ते खोडा, वरच्या चौकटीत खूण करा, बाजूला पालकाची सही. मागे माणसं आहेत, दोन मिनिटांत करा."

खिडकीला दोऱ्यानं बांधलेलं पेन होतं. दोरा आखूड होता, म्हणून आबाला वाकावं लागलं. त्यानं निळ्या खुणेवर दोन आडव्या रेघा मारल्या. वरच्या चौकटीत खूण केली. सही करताना दोरा ओढला गेला आणि एक अक्षर लांबलं. बाईंनी शिक्का मारला आणि पावती सरकवली. पावतीवर फक्त नाव आणि नंबर होता. ते पाहून आबाला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच भीतीही वाटली.

घरी धाकटीनं विचारलं, "दिला?"

"दिला."

"काही म्हणाल्या?"

"एकदा घेतला की बदल नाही म्हणाल्या."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

पुढचे पंधरा दिवस घरानं कसे काढले ते घरालाच माहीत. मोरीमागून आणखी तीन गाई बसल्या. डेअरीनं वरच्या आळीचंही दूध बंद केलं. धार काढावीच लागायची, नाहीतर कास दगडासारखी व्हायची. काढलेलं दूध मागच्या खड्ड्यात ओतायचं. धाकटीची आई बादली कलती करताना तोंड फिरवायची. दिवसातून चार वेळा पोटॅशच्या जांभळ्या पाण्यानं खुरं धुवायची, नखांमधल्या अळ्या काढायच्या, मलम भरायचं. बसलेल्या गाईला कूस बदलून द्यायला तिघंही खांदा लावायची. आबाची पाठ धरली. धाकटीच्या हातांची कातडी जांभळी होऊन सोलायला लागली.

आणि हे सगळं करता करता तिचा अभ्यास चालायचा. खुरं धुताना ती पायाच्या हाडांची नावं म्हणायची. गाईच्या पोटाचे चार कप्पे ती आईला समजावून सांगायची, आणि आई म्हणायची, "चार-चार पोटं, म्हणूनच वैरण पुरत नाही." दोघी हसायच्या. आबा पलीकडे शेण ओढत असायचा. त्या हसण्यानं त्याच्या पाचावर धारण बसायची. ज्या परीक्षेला तिला बसताच येणार नव्हतं तिच्यासाठी ती हे सगळं पाठ करत होती, आणि ते त्या घरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

त्यानं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा तो म्हणाला, "धाकटे, ते फॉर्मचं..." तेवढ्यात आईनं छपरातून हाक मारली. कालवड आडवी झाली होती. संध्याकाळपर्यंत ती गेली. तिला पुरून आल्यावर सांगायचं बळ त्याच्यात उरलं नाही. मग रोज वाटायचं, उद्या. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं त्याचं चाललं होतं, फक्त दूध काही पोटात जात नव्हतं. पोस्टमनच्या सायकलची घंटा आळीच्या तोंडाशी वाजली की त्याच्या हातातलं काम सुटायचं.

शेवटी एके दुपारी पोस्टमन चुन्याच्या रेघेबाहेरच थांबला आणि पाकीट आत टाकलं. धाकटी मोरीचा मागचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. तिनं हात फडक्याला पुसले आणि पाकीट फोडून परीक्षेचं प्रवेशपत्र काढलं. आबा पाय धरून उभा होता.

"आबा," ती म्हणाली, "ह्यावर सर्वसाधारण छापलंय. कचेरीची चूक दिसते. उद्या पहिल्या गाडीनं जाऊन मी सांगून येते."

तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं. कचेऱ्या चुका करतात, बाप करत नाही, असं तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"त्यांची चूक नाही," आबा म्हणाला.

ती वर बघत राहिली.

"मीच खोडलं. तिथंच, खिडकीवर. सही माझी आहे." मग त्याच्यानं थांबवेना. "थोरलीचं झालं तसं तुझं होऊ नये म्हणून. जनरल असली तर कुठं ना कुठं लागशील. मला भीती वाटली गं."

धाकटीनं पाकीट गवताच्या पेंढीवर ठेवलं. जांभळ्या पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं, मोरीच्या नखांमधून फिरवलं.

"पाय नीट धरा," ती म्हणाली. "हलतोय."

त्यानंतर ती त्याच्याशी गाईंपुरतंच बोलायची. ह्या गाईनं खाल्लं, त्या गाईला ताप आहे. आवाज चढवला नाही, ताट आपटलं नाही. आबाला वाटायचं, तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. पाकीट आलं त्या रात्री जेवताना आईनं त्याला वाढलं आणि ती उठून उभी राहिली.

"मला तरी विचारायचं होतं," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आबा कचेरीत गेला. मोठ्या साहेबांकडे पाठवतील अशी त्याला आशा होती. कारकून बाईंनी फाईल काढली आणि फॉर्म त्याच्यासमोर धरला. दोन आडव्या रेघा, आणि बाजूला ती लांबलेल्या अक्षराची सही.

"ही तुमचीच ना?"

"माझीच. पण पोरीचं म्हणणं तसं नव्हतं."

"मग तेव्हा पोरीला आणायचं होतं," बाई म्हणाल्या. त्यात तिरसटपणा नव्हता, दमलेपणा होता. रांगेतली माणसं बघत होती. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "लेकीच्या फॉर्मवर बापाची कारागिरी." आबानं ऐकलं आणि तो खाली मान घालून पायऱ्या उतरला.

परीक्षेला अठरा दिवस उरले होते. धाकटीनं कुठून कुठून जनरलच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या. समोर घड्याळ ठेवून ती सोडवायची, वेळ संपला की पेन्सिल खाली ठेवायची, आणि राहिलेले प्रश्न मोजायची. आकडा कमी होत होता, पण पुरेसा नाही. परीक्षेहून आली तेव्हा आईनं पाणी दिलं आणि कसं गेलं विचारलं.

"बंदरावर कुठं खोल पाणी लागतं आणि कुठं नाही, त्याचा एक उतारा होता. चांगला होता," ती म्हणाली. "तो समजून घेण्यात वेळ गेला. शेवटचे बावीस प्रश्न बघितलेच नाहीत."

निकाल लागला. गुरांच्या कॉलेजाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. शहरातल्या एका कॉलेजानं पत्र पाठवलं की त्यांच्याकडे व्यापार शाखेत जागा आहे. म्हणजे दुसरं दार उघडलं होतं, हेडमास्तर म्हणाले होते तसं. धाकटीनं पत्र वाचून आईच्या हातात दिलं आणि ती धार काढायला गेली.

सुट्टीला थोरली आली. आबा विहिरीजवळ केटल्या घासत होता. ती बाजूच्या दगडावर बसली, पण पाण्यात हात घालता येत नव्हता म्हणून नुसतीच बसली.

"आईनं सांगितलं," ती म्हणाली.

"तुझ्यासारखं होऊ नये म्हणून केलं गं," आबा म्हणाला. हे वाक्य त्यानं मनात इतक्यांदा म्हटलं होतं की ते आता गुळगुळीत झालं होतं.

थोरलीनं चिकटपट्टीची सुटलेली कड दाबून बसवली.

"माझं काय झालं होतं, आबा?"

"विषयाची भरली आणि हुकलीस."

"कोणी भरली?"

आबा घासायचा थांबला.

"मला भाषेत मार्क होते," थोरली म्हणाली. "गणित मला येत होतं, आवडत नव्हतं. हेडमास्तर म्हणाले गणिताची भरा, तुम्ही म्हणालात मास्तरांना जास्त कळतं. मी दाराशी उभी होते. मला वाटलं, आता विचारतील. चहा झाला, मास्तर गेले, तुम्ही सही केलीत." ती रागानं बोलत नव्हती. कारखान्यातल्या कामाबद्दल सांगावं तसं सांगत होती. "तेव्हाही परीक्षा वाईट नव्हती, आत्ताही नाही. कोणाला कुठली द्यायची ते त्यालाच विचारत नाही आपण."

ती उठून आत गेली. आबाला दिसलं की गेली तीन वर्षं ज्या भीतीला तो शहाणपण समजत होता, ती मुळातच चुकीच्या ठिकाणी बसली होती. तो भलत्याच चौकटीला घाबरत आला होता.

एव्हाना रोग ओसरला होता. चार गाई उठल्या, मोरी मात्र लंगडीच राहिली. डेअरीनं पाटी काढली आणि सकाळी फाटकाशी पुन्हा केटल्यांची रांग लागायला लागली. एके दिवशी आबा रांगेत पाचवा होता. फॅट मोजणारा नळ्या हलवत होता. हेडमास्तर घरच्यापुरतं दूध न्यायला छोटा डबा घेऊन आले होते. त्यांना बघताच पोरीच्या निकालाचा विषय निघणार हे आबाला कळलं.

"वाईट वाटलं," हेडमास्तर म्हणाले. "हुशार म्हणत होतो तिला. पण जनरलमध्ये माणसाची खरी धाव कळते. पोर कमी पडली."

"डॉक्टरच्या मागं हिंडून कोणी डॉक्टर होत नाही," फॅट मोजणारा म्हणाला. दोघंतिघं हसली. "पण मी म्हणतो, एवढं गाईगुरांचं येत होतं तर जनरलचा हट्ट कशाला केला तिनं?"

आबानं केटलीची कडी घट्ट धरली. गप्प राहिलं असतं तर रांग पुढे सरकली असती. धाकटीनं बाहेर कोणाला काही सांगितलं नव्हतं आणि ती सांगणारही नव्हती, हे त्याला माहीत होतं.

"तिनं नाही केला," तो म्हणाला.

"अं?"

"तिनं विषयाचीच भरली होती. कचेरीत मी खोडली. तिला न विचारता. घरी येऊनही सांगितलं नाही, पंधरा दिवस." रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जात होतं. "पोर कमी नाही पडली. मी पडलो. आणि मास्तर, थोरलीच्या वेळीही आपण दोघांनी तेच केलं."

हेडमास्तरांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. फॅट मोजणाऱ्यानं नळी प्रकाशात धरली आणि तिच्याकडेच बघत राहिला. मागचा कोणीतरी हळूच म्हणाला, "तुमची केटली पुढे घ्या, आबा." आबानं केटली पुढे घेतली.

परत येताना त्याच्या डोक्यात पुढचं घोळत होतं. आता गावभर होणार, बायकोला कोणी टोमणे मारेल, आणि धाकटीला हे आवडलं नाही तर? तिची गोष्ट त्यानं पुन्हा एकदा तिला न विचारता चव्हाट्यावर आणली होती. हे त्याला वाटेत अर्ध्यावर सुचलं आणि तो रस्त्यातच उभा राहिला. मग चालू लागला. घर टाळून जायला दुसरी जागा नव्हती.

बातमी त्याच्या आधी पोचली होती. धाकटी गोठ्याच्या दारात खराटा घेऊन उभी होती. तिनं त्याच्या हातातली रिकामी केटली घेतली. त्याच्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती नजर गाईवर नव्हती.

"सगळ्यांसमोर बोललात म्हणे."

"हो. तुला विचारायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली.

तिनं केटली पालथी घातली, खराटा भिंतीला टेकवला.

"व्यापाराच्या कॉलेजला मी नाही म्हणून कळवलंय. पुढच्या वर्षी विषयाची देणार आहे. हुकले तर हुकले, ते माझं मी बघेन. उद्यापासून दोन्ही वेळच्या धारा तुम्ही काढायच्या. वैरणसुद्धा. मला वेळ लागेल, मी सावकाश वाचते."

"बरं," आबा म्हणाला.

"आणि मोरीला उजवीकडून हात लावू नका. उजवा पाय अजून दुखतो तिचा, लाथ मारेल."

"डावीकडून?"

"डावीकडून."

ती आत गेली. आबानं हात धुतले, बादली घेतली आणि तो मोरीच्या डाव्या बाजूला जाऊन बसला.